अर्धी उडी

पडद्यावरची ती एवढीशी पोरगी डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरून लोखंडी फाटकापाशी पोचली आणि म्हणाली, "बाबा, मी आले." बस, एवढंच. पण चेतनाला ते सणसणीत लागलं. आले? रायपूरजवळच्या उरल्याच्या त्या पाऱ्यात, म्हणजे कामगारांच्या वस्तीत, जिथे दोरीवरचं धुणं वाळेपर्यंत काळं पडायचं, तिथे कोणती पोट्टी कधी "आले" म्हणाली होती? तिथे सगळ्या "आली" म्हणायच्या. मी आली, मी गेली, मी जेवली, मी चिखलात पडली. "आले" म्हणायला शिकलेली त्या पाऱ्यातली एकच पोट्टी चेतनाला माहीत होती. ती पुण्याला गेली होती, ती तिची सख्खी धाकटी बहीण होती, आणि हा गेम तिनेच बनवला होता. चेतनाने लॅपटॉप पटकन मिटला, जसं काही आतून कोणी बघत होतं. मग पुन्हा उघडला. पोरगी फाटकापाशी तशीच उभी होती, आणि तिचं "आले" खोलीत कुठेतरी अजून लटकून राहिलं होतं.

तिला हेवा वाटत होता. हे आडून आडून सांगण्यात काही अर्थ नाही, आणि चेतनाही स्वतःपासून ते लपवत नव्हती. हेवा वाटायला काही फार लागत नाही, एक घर, दोन बहिणी आणि एक आई पुरते. अनुश्रीचा गेम आला तसा आईने, म्हणजे अंजनाबाईंनी, तिची मुलाखत मोबाइलवर मोठ्या आवाजात लावायचा सपाटाच लावला होता. सकाळी चहासोबत मुलाखत, दुपारी डाळ निवडताना मुलाखत. बुद्धविहारात गेल्या तर तिथल्या बायकांना मुलाखत. "आमची अनू," असं म्हणून त्या फोन पुढे करत आणि मग बाजूला उभ्या असलेल्या चेतनाकडे बघून, काहीतरी राहून गेल्यासारखं म्हणत, "ही मोठी. ही माझ्यापाशी राह्यते." माझ्यापाशी राह्यते! जसा पाण्याचा माठ कोपऱ्यात राहतो. शंकर नगरातल्या एका ऑफिसात चेतना कॉम्प्युटरवर वस्त्यांचे नकाशे काढायची. कुठे नाली, कुठे खांब, कुठे कोणाची भिंत. हात तिचा चांगला होता. लहानपणी अंगणात खडूने ती रेल्वेचं इंजिन काढायची तेव्हा बाबा त्याच्यावर पाय न देता, भिंतीला चिकटून घरात यायचे. अनूला तर साधा गोल धड काढता येत नव्हता. आणि आता तिच्या चित्रांवर लोक लिहीत होते की काय ती धूळ, काय तो उजेड, जणू आम्ही त्या कारखान्याच्या रस्त्यावरून चालून आलो.

ऑफिसातली राधा तर सोमवारी डोळे सुजवूनच आली होती. "दीदी, आपकी बहन ने तो रुला दिया," म्हणाली. "आखिरी वाला हिस्सा हुआ आपका?" चेतना तेव्हा अर्ध्यातही नव्हती. "हव, हो गया," असं ती बिनदिक्कत म्हणून गेली, आणि राधाने तिचा हात असा घट्ट दाबला की चेतनाला तो सोडवून घ्यावासा वाटला. राधा साहू, जिला ऑफिसच्या प्रिंटरमध्ये कागद अडकला तर घाम फुटतो, तिचा गेम संपला होता.

खरं म्हणजे तो पहिल्या दिवशी उघडताना चेतनाला भीती होती ती वेगळीच. गेम चांगला निघाला तर काय, ही भीती. निघाला फसका, आणि तिला किती हायसं वाटलं! गेमचं नाव होतं 'फाटक'. कुठल्या बड्या कंपनीचा नाही. अनुश्रीने आणि तिच्या दोघा मित्रांनी एका खोलीत बसून केलेला. एका पोरीने घरून निघायचं, डावीकडून उजवीकडे चालत जायचं, नाल्या ओलांडायच्या, वाटेतली कोडी सोडवायची आणि रोलिंग मिलच्या फाटकावर बापाला डबा द्यायचा. कोडी म्हणजे काय, तर भंगाराची ट्रॉली ढकला आणि तिच्यावर चढा. पुढच्या टप्प्यात दोन ट्रॉल्या ढकला. भोंगा वाजला की माणसं वळतात, तेवढ्यात मागून निघा. भनपुरीकडून येणाऱ्या ट्रकांच्या सावलीत लपत लपत जा, हे एक त्यातल्या त्यात बरं होतं, पण ते आलं तसं संपलं. आणि उडी! उडी तर इतकी रद्दी की चेतनाला पहिल्यांदा वाटलं आपलाच लॅपटॉप जुना झाला. बटण दाबलं की पोरगी आधी दचकायची, मग जेमतेम अर्धी उडी मारायची आणि नालीच्या कडेला पोट आपटून लटकायची. दर वेळी. साधी हातभर नाली! चेतना ती नाली डबा एका हातात घेऊन, पळता पळता, खाली न बघता ओलांडायची. ज्याने ती नाली ओलांडली त्याला विचारायचं तरी, की बाई, किती रुंद होती? पण विचारणार कशाला? मुलाखतीत अनुश्री छान मान तिरपी करून सांगत होती, "उरल्यात आम्ही राहायचो, तिथे बाबांना डबा पोचवणारी एक मुलगी, तिची ही गोष्ट." एक मुलगी म्हणे. डबा चेतना नेत होती. शाळा सुटली की दप्तर फेकायचं, डबा उचलायचा आणि निघायचं, ऊन असो की चिखल. नत्थूची पोट्टी आली म्हणून चौकीदार लांबूनच हाक द्यायचा. अनूने डबा नेला तो आयुष्यात एकदा. एकदा नेला, आणि तेवढ्यावर ती आता जगभर डबा घेऊन हिंडत होती.

आणि तो एकदा कोणता, हे चेतनाला विसरायचं म्हटलं तरी विसरता आलं नसतं. त्या दिवशी शाळेत चित्रकलेची स्पर्धा होती म्हणून ती उशिरा आली. पहिला नंबर आला होता. बक्षीस म्हणून पिवळी पत्र्याची कंपासपेटी, झाकणावर चिकटवलेला कागद, आत सगळं नवंकोरं. रस्ताभर ती पेटी हलवून आतल्या वस्तूंचा आवाज ऐकत आली. घरी कोणी नाही. आई हातपंपावर. डबा जागेवर नाही, अनू नाही. चेतना उंबऱ्यात पेटी घेऊन बसली, कोणी यावं आणि विचारावं हे काय आहे म्हणून. तेवढ्यात अवेळी भोंगा वाजला आणि वाजतच राहिला. मग पाऱ्यातल्या बाया पळायला लागल्या, आई रिकामी घागर घेऊनच पळाली आणि ओरडली, "अनू कोठी आहे?" चेतना कुठे आहे, हे विचारायची गरज नव्हती, ती समोरच होती. चेतना पळाली ती हातातल्या पेटीसकट. फाटकाशी ही गर्दी, पाणी मारून राहिले होते, कोणी कोणाला आत सोडत नव्हतं, आणि भिंतीच्या बुडाशी, माणसांच्या पायांमध्ये, अनू मांडी घालून बसलेली. डबा तिने बाबांच्या हातात दिला होता. "चाल घरी," चेतना म्हणाली. अनू हलेना. "बाबा येतो म्हनले न," म्हणाली.

बाबा काही आले नाहीत. भट्टीजवळ जळून गेलेल्या चौघांमध्ये ते होते. पुढे कितीतरी वर्षं, गोंदियाहून मावश्या आल्या की हीच गोष्ट निघायची. पोरीले येतो म्हनून गेला बिचारा, शेवटचा शब्द लेकरापाशी ठेवून गेला, असं म्हणत त्या अनूला मांडीवर घ्यायच्या, तिच्या केसांतून हात फिरवायच्या, आणि चेतना आतून चहा घेऊन यायची. अनू मोठी होऊन मांडीत मावेनाशी झाली तरी घ्यायच्या. तो शब्द चेतनाचा होता. रोजचा होता तेव्हा तो तिलाच मिळत होता: डबा घेतला की बाबा तिच्या डोक्यावर टपली मारायचे, "येतो मंग," म्हणायचे आणि वळायचे. इतक्या वेळा मिळाला होता की त्याचं तिने कधी काही केलं नाही. आणि जो शेवटचा, ठेवून घ्यावा असा, तो नेमका ती नसताना, तिच्याच जागेवर उभ्या असलेल्या दुसऱ्याच पोट्टीला मिळाला. कंपासपेटीबद्दल कोणी विचारलं नाही, तिनेही कोणाला सांगितलं नाही. ती लोखंडी पेटीखाली सरकवली गेली आणि पुढे दोघी बहिणींनी वापरून वापरून संपवली.

म्हणून आज रविवारी दुपारी ती शेवटच्या टप्प्यावर आली आणि फाटकाच्या फटीतून एक पाठमोरा माणूस वळून डबा घेताना दिसला, तेव्हा ती पडद्याच्या अगदी जवळ सरकली. पोरगी "आले" म्हणाली ते सहन करून ती पुढे गेली होती. माणसाने डबा घेतला. तोंड दाखवलं नव्हतं, तेवढी अक्कल अनूला होती. आवाज कोणा भरदार पुणेरी गृहस्थाचा. "येतो," तो म्हणाला. पडद्याच्या तळाशी, ज्यांना मराठी येत नाही त्यांच्यासाठी, 'मी परत येईन' अशा अर्थाची इंग्रजी ओळ उमटली. फाटक लागलं. आणि पुढे काही नाही. म्हणजे काय करायचं? येतो म्हटलं की माणूस जातो. निरोप झाला, आता पोरीने घरी जायचं. हे कोणत्याही मराठी माणसाला सांगावं लागत नाही. चेतनाने पोरीला डावीकडे वळवलं, घराकडे चालवत नेलं, अर्ध्या उड्या मारत नाल्या ओलांडल्या, आणि घराचं दार दिसतं न दिसतं तोच पडदा काळा झाला. उजेड आला तेव्हा पोरगी पुन्हा टप्प्याच्या सुरुवातीला, डबा पोटाशी. पुन्हा "आले." पुन्हा "येतो." पुन्हा घरी. पुन्हा काळं. मग चेतनाने फाटकावर चढून बघितलं, ट्रॉली आणून बघितली, भोंगा वाजताच निसटून बघितलं. "येतो" म्हणून तो माणूस जात राहिला आणि ती परतत राहिली. तिचे कान गरम झाले. बाबांना असं पुन्हा पुन्हा फाटकात घालायचं, आणि त्याला खेळ म्हणायचं!

तिने फोन घेतला आणि अनूला लिहिलं: गेम बिघडलेला आहे, शेवट होत नाही. लिहून पाठवल्यावर तिला इतकं बरं वाटलं की तिने आणखी लिहिलं. उडी धड नाही. कोडी पोरकट आहेत. बाबांचा आवाज असा नव्हता. आपल्याकडे आले म्हणत नाहीत, आली म्हणतात, विसरलीस का? निराशा झाली. शेवटचे दोन शब्द तिने वेगळे पाठवले, ठळक दिसावेत म्हणून. वाचल्याच्या निळ्या खुणा लगेच उमटल्या. अनू लिहायला लागली, थांबली, पुन्हा लिहायला लागली. चेतना बघत होती. मग आलं ते एवढंच: 'ताई, थांब.'

थांब! चेतनाने फोन गादीवर आपटला. थांब म्हणजे, मी कामात आहे. थांब म्हणजे, माझ्याकडे माणसं बसलीत, तुझं गाऱ्हाणं मग ऐकते. तिला थांब कोणी सांगावं? ती थांबलेलीच होती. अनू पुण्याला गेली तेव्हा ती थांबली, आईचे गुडघे गेले तेव्हा थांबली, बघायला आलेल्या त्या भिलाईच्या माणसाने, बाई आईला सोबत आणणार का, असं विचारलं तेव्हाही थांबली. तिने खेळ बंदसुद्धा केला नाही, लॅपटॉप तसाच उघडा टाकला आणि स्वयंपाकघरात जाऊन परातीत पीठ घेतलं.

आई ओट्याशी स्टूलवर बसून कांदा चिरत होत्या. "काहून आपटून राह्यली?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. तुमच्या लेकीचा गेम बिघडला."

"बिघडला? ते राधा त म्हने खूप मस्त आहे."

"राधाले काय समजते?" चेतना म्हणाली आणि पीठ गरजेपेक्षा जास्त मळायला लागली. मग, विचारायचं नव्हतं तरी, "बाबा घरून निघताना काय म्हणत, आठवते तुम्हाले?"

"काय म्हनतीन? येतो म्हनत." आईंनी डोळे पुसले, ते कांद्याने. "जातो म्हनू नये न बाई. माह्या सासूनं शिकवलं होतं त्याईले. एकदा जातो म्हनले त तिनं अर्ध्या रस्त्यावरून परत बलावलं, अन् येतो म्हनायले लावलं, मंगच जाऊ देल्लं." त्या हसल्या. "अनूले लहानपनी हे समजेच ना. कोनी पाव्हना येतो म्हने, त ती दारातच बसून राहे. वापस येतीन म्हनून. तू लय हसे तिले."

एव्हाना तवा तापला होता आणि चेतना पोळ्या लाटायला लागली होती. तिच्या हातातलं लाटणं थांबलं. हसायची खरी. पाहुणा कोपऱ्यावरून दिसेनासा झाला तरी ते येडं पोरगं दारात बसलेलं, आणि सगळ्यांना त्याची गंमत. तव्यावरची पोळी फुगली, उलटवली नाही म्हणून एका बाजूने करपली. "जळून राह्यली वं!" आई म्हणाल्या. चेतनाने गॅस बंद केला आणि पिठाच्या हातांनीच खोलीत आली.

लॅपटॉपवर संध्याकाळ झाली होती. आपोआप. पोरगी फाटकापाशी, भिंतीच्या बुडाशी, मांडी घालून बसली होती. चेतनाने तिला बसवलं नव्हतं, उभं ठेवून गेली होती. आकाश विटकरी झालं होतं आणि चिमण्यांचा धूर आडवा पसरला होता. लांब कुठेतरी भोंगा विरत गेला. काही करायचंच नव्हतं तर. तो येतो म्हणाला, म्हणून थांबायचं होतं. राधाला मराठीतले निरोप माहीत नव्हते. तिने ती खालची ओळ वाचली, बाप परत येईन म्हणाला आहे ना, मग ती साधी सरळ थांबली, आणि तिच्यासाठी शेवट उघडला. घरी पळाली ती फक्त चेतना, जिला येतोचा अर्थ कळत होता. आणि थांब म्हणजे थांब. अनूने उत्तरच सांगितलं होतं.

फाटक उघडलं नाही. चेतना आता तिकडेच बघत होती, की त्या आवाजाचा माणूस बाहेर येईल. आणि आला तर ती अनूला कधीच माफ करणार नव्हती. पण हालचाल झाली ती डावीकडे. पडद्याच्या कडेने कोणीतरी पळत येत होतं. लांब पायांची, दोन वेण्यांची मोठी पोरगी. वाटेत नाली आली, तीच नाली, आणि तिने ती एका ढांगेत, खाली न बघता ओलांडली. पूर्ण उडी. लहानगीला जी कधीच जमली नव्हती, कारण ती पाच वर्षांची होती आणि तिला तेवढीच येत होती. बिघडलेलं त्यात काही नव्हतं. मोठीच्या हातात काहीतरी पिवळं होतं. चौकोनी, एवढंसं, पडद्यावर जेमतेम चार ठिपके, पण ती पळाली की ते चमकत होतं, आणि कान दिला तर आतल्या वस्तूंचा खुळखुळ आवाज येत होता.

मोठी पोरगी लहानगीसमोर येऊन थांबली. "अनू, मी आली," म्हणाली. तो आवाज नटीचा नव्हता. थोडा चिडका, धापा टाकणारा. मागे रेल्वेच्या घोषणा पुसून काढल्यावर राहते तशी खरखर. दर दिवाळीला रायपूर स्टेशनवर अनूला घ्यायला गेली की चेतना फोनवर असा आवाज भरून पाठवायची, मी आली, बाहेर उभी आहे. तिचाच आवाज होता. त्यात 'आली'च होतं, कोणी दुरुस्त केलं नव्हतं. लहानगीने हात वर केला, मोठीने धरला, आणि आता बटणं दाबली की चालत होती ती मोठी. पण चेतनाने बटणं दाबली नाहीत. त्या दोघी फाटकापाशी उभ्या राहिल्या, आणि फोन वाजला.

"ताई," अनू म्हणाली. "थांबलीस का?"

"पोळ्या करून राह्यली होती," चेतना म्हणाली. "ते पिवळं काय आहे?"

"कंपासपेटी."

"तुले कशी माहीत?"

"तू माझा हात ओढत होतीस ना, ती माझ्या मनगटाला टोचत होती. घरी येईपर्यंत मी तिच्याकडेच बघत होती. मग मी वाचायला शिकली तेव्हा झाकणावरचा कागद वाचला. प्रथम क्रमांक. आईले विचारलं, तिले माहीतच नव्हतं. तुले विचारायची भीती वाटली."

चेतनाने डोळे पुसले, गालाला पीठ लागलं. तिला आनंद झाला होता, इतका की लाज वाटावी. आणि आनंदाच्या खालीच, पाटावरवंट्याखाली ओलावा राहतो तसा, तो जुना हेवा जागच्या जागी होता. ती म्हणून गेली, कधी म्हणायचं नाही असं ठरवलेलं सगळं एका दमात म्हणून गेली: "तुले घ्यायले मी तरी आली, अनू. तुले बाबानं येतो तरी म्हटलं. मले काय म्हणून गेला तो? त्या दिवशी सकाळी मी शाळेत जायची घाई करत होती, मी बघितलंसुद्धा नाही त्याच्याकडे. मले घ्यायले कोण आलं?"

स्वयंपाकघरातून आई विचारत होत्या की कोणाचा फोन आहे, अनूचा आहे का, दे इकडे. फोनमध्ये खुर्ची सरकल्यासारखं झालं, एक कप्पा उघडला, किल्ल्या वाजल्या.

"ताई," अनू म्हणाली, "मी येते."

आणि आवाज बंद झाला. फोन ठेवताना माणसं म्हणतात तसंच ती म्हणाली होती. येते म्हटलं की माणूस जातं, हे चेतनाला दुसऱ्या कोणी सांगायची गरज नव्हती. तिने फोन हातात तसाच धरला आणि पलंगाच्या कडेला, पडद्यावरच्या त्या दोघींसमोर, मांडी घालून बसली.